एकाचे तीन

१२ जानेवारी

दादा,

तुझं पत्र यायची वाट बघितली, शेवटी मीच लिहायला बसले. फोनवर वहिनी म्हणाल्या की जखम भरत आलीय, गळ्याच्या छिद्रातून श्वास नीट चाललाय, आणि तू आता उशीला टेकून बसतोस. फोन तुला द्यायला सांगणार होते, मग जीभ चावली. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला फोन काय कामाचा! मोबाइलवर टकटक करायचा तुला आधीपासूनच कंटाळा. म्हणून कागद-पेन. अक्षर तरी तुझं पहिल्यापासून माझ्यापेक्षा बरं आहे.

तुझं कपाट माझ्या पुढच्या खोलीत सुखरूप आहे. ऊन लागू देत नाही, धूळ बसू देत नाही. वीस वर्षं एकेक पट्टी बसवून तू उभं केलेलं ते सिंथेसायझर मला निदान वाजवता तरी येतं. आणि आता त्याचं एक कामही निघालंय.

आमच्या हॉलला चाळीस वर्षं होताहेत. मार्चमध्ये कार्यक्रम आहे. तिथला पियानो एकोणीस वर्षं मी जुळवतेय, पण रंगमंचावर मला कोणी पाहिलेलं नाही, कारण लोक येण्याआधी माझं काम संपतं. यंदा पियानोवाल्या बाई म्हणाल्या, मी पियानोवर बसते, तू भावाचं यंत्र घेऊन ये, आपण दोघी मिळून वाजवू. बावन्नाव्या वर्षी माझ्या पोटात फुलपाखरं नाही, अख्खं कबूतर फडफडतंय.

अडचण अशी. कीबोर्डकडून निघणारी वायर सूर काढणाऱ्या एकाच ऑसिलेटरला जाते. मला तिन्ही ऑसिलेटर एकाच सुरात एकदम वाजवायचेत. तू त्यांना नेहमी वेगवेगळ्या कामाला जुंपायचास, त्यामुळे कपाटात तशी सोयच नाही. एकाचे तीन कसे करायचे? दुकानात स्प्लिटर मिळतो म्हणे, पण तुझ्या कपाटात परकी पट्टी लावायला मन होत नाही. तू सांग, मी बनवते.

तुझी टिटवी

•

२५ जानेवारी

टिटवे,

ज्याचा एक होता तो आवाज गेला, त्याच्याकडे तू तीन मागतेस! हसलो. हसलं की छिद्रातून हवा येते, कुकरची शिट्टी पडायच्या आधी येते तशी. तुझी वहिनी दचकून बघते.

अगदी सोपं काम आहे. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घे, करंगळीच्या दुप्पट लांबीची. त्यात चार भोकं पाड, त्यात चार सॉकेट बसव. वरचं येणाऱ्या वायरचं, खालची तीन जाणाऱ्या वायरींची. प्रत्येक सॉकेटला मागे तीन पाय असतात. एक अर्थिंगचा, एक सिग्नलचा, तिसरा आपल्याला लागत नाही. चारही अर्थिंग एका उघड्या तारेने जोड, चारही सिग्नल दुसऱ्या तारेने. दोन्ही तारा एकमेकींना शिवता कामा नयेत, जावा-जावांसारख्या. सोल्डर करताना आधी पाय तापव, मग सोल्डर लाव. उलटं केलंस तर नुसता गोळा बसेल.

झालं. वीज लागत नाही, आत एकही भाग नाही. जिथे भागच नाही तिथे बिघडणार काय?

तपासताना मात्र एका वेळी एकच ऑसिलेटर लाव. तिन्ही एकदम लावून तपासू नकोस, कान गोंधळतो. एकेक बरोबर निघाला की तिन्ही बरोबर.

कार्यक्रम छान कर. सगळ्यांना ऐकू दे.

दादा

•

२० फेब्रुवारी

दादा,

झाली पट्टी! तिसरं भोक वाकडं गेलं, दोन बोटं भाजली, आणि पहिले दोन सांधे तू म्हणालास तसे गोळेच बसले. उपटून पुन्हा केले. मग हॉलमधल्या पियानोशी एकेक ऑसिलेटर लावून बघितला. खालपासून वरपर्यंत तंतोतंत.

तुला माहीतच आहे, दोन आवाज जवळजवळ जुळले पण पूर्ण जुळले नाहीत की त्यांत लाट येते, वाँ-वाँ-वाँ. जुळत जातात तशी ती लाट संथ होते आणि शेवटी थांबते. एकोणीस वर्षं मी त्या थांबण्यासाठी जगतेय. परवा तुझं यंत्र आणि माझा पियानो यांच्यातली लाट थांबली, आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये मी एकटी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या.

तू इतक्या आजारपणात एवढं सगळं लिहून काढलंस. सख्खा भाऊ असावा तर असा.

टिटवी

•

१६ मार्च

दादा,

कार्यक्रम फसला. मी फसवला.

सकाळी तालमीला गेलो तर रंगारी अजून शिडीवर. फक्त पहिला भाग वाजवून बघता आला, तो सगळा खालच्या सुरांतला. तो संध्याकाळीही ठीक झाला. दुसऱ्या भागात मी तिन्ही ऑसिलेटर घेऊन वर चढत गेले आणि काहीतरी घसरायला लागलं. पियानो वर, मी खाली. जितकी वर जाई तितकी मी उतरत जाई. तिन्ही आवाज एकमेकांशी घट्ट जुळलेले आणि पियानोशी मात्र फारकत. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं. पुढच्या रांगेत एका गृहस्थांनी कानात बोट घातलं. मी ते बोट बघत बघत शेवटपर्यंत वाजवलं.

बाई नंतर म्हणाल्या, “होतं असं.” त्यांच्या आवाजात राग असता तरी चाललं असतं.

घरी येऊन एकेक ऑसिलेटर पुन्हा लावून पाहिला. आधीच्यासारखाच बरोबर. मग तिन्ही लावल्यावर काय होतं? पट्टीत काही चुकलंय का रे?

टिटवी

•

२४ मार्च

टिटवे,

पट्टीत दोन तारा आहेत. तार खोटं बोलत नाही.

तूच लिहिलंस, तिन्ही एकमेकांशी घट्ट जुळले होते. तीन साक्षीदार एकच सांगत असतील आणि चौथा वेगळं, तर न्यायाधीश काय म्हणेल? चौथा कोण होता? पियानो. तो कोणी जुळवला होता?

मला लिहायला जड जातंय, पण खोटी समजूत काढायला मी परका नाही. वरच्या सुरांत पियानो किंचित चढा ठेवतात हे मलाही ठाऊक आहे. तू तो बराच जास्त चढवत असणार, वर्षानुवर्षं, थोडा थोडा. एकटा ऑसिलेटर ऐकताना कान स्वतःची समजूत घालतो. तीन एकदम आले की पितळ उघडं पडतं.

बाबांना आठव. तू लहान होतीस, तुला कळलं नसेल. बावन्न-त्रेपन्नचे असतील. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नव्हती तरी घड्याळं दुरुस्त करत होते. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलायची नाहीत, दुसऱ्या दुकानात जायची.

सूर मोजायचं मीटर आणून बघू शकतेस. पण मीटर लावून जुळवणाऱ्यांना तू आयुष्यभर हसलीस. तू मीटर मागायला गेलीस की मागण्यातच लोकांना काय ते कळेल. त्यापेक्षा वरचे सूर गुपचूप थोडे उतरव. बोभाटा नको.

दादा

•

१५ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मग वाटलं, दुसरं कोण सांगणार होतं? बाहेरचे लोक “होतं असं” म्हणतात. खरं सांगायला रक्ताचंच माणूस लागतं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. काचेच्या पेटीत बसवलं, कानावर हेडफोन, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाल्या, वरच्या आवाजांना किंचित कमी, वयाप्रमाणे, काळजीचं कारण नाही. मी विचारलं, “पियानो जुळवण्याइतका चांगला आहे का?” त्या म्हणाल्या, “ते मी कसं सांगू? ते तुम्हीच सांगणार ना?”

तुझंच बरोबर निघालं. मंगळवारी हॉलचा पियानो उघडला आणि वरच्या तारा, तिन्ही ऑसिलेटर एकदम लावून, तुझ्या कपाटाशी मिळेपर्यंत उतरवल्या. कानाला ते भयंकर वाटत होतं. प्रत्येक तारेला हात म्हणत होता नको, मी म्हणत होते गप्प बस, तुला काय कळतं. संगीतशाळेतले दोन पियानोही तसेच केले.

तू होतास म्हणून वेळीच कळलं.

टिटवी

•

२२ एप्रिल

टिटवे,

शहाणी आहेस. सवय होईल. चुकीचं बरोबर वाटायला लागतं तसं बरोबरही हळूहळू बरोबर वाटायला लागतं.

दादा

•

३० मे

दादा,

हॉलची किल्ली परत केली.

बाहेरून एक वादक आले होते. तालमीला बसले, डावा हात ठीक चालला, उजवा वर गेला आणि थांबला. एकच सूर चारदा वाजवला. मग झाकण लावलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं, आणि मॅनेजरांना विचारलं, “याला हात कोणी लावला?”

मी पडद्याशेजारीच उभी होते. म्हटलं, “मी.”

ते म्हणाले, “मग यापुढे लावू नका.”

मॅनेजर भला माणूस. एकोणीस वर्षांचा विचार करून म्हणाला, “थोडे दिवस विश्रांती घ्या.” मीच किल्ली टेबलावर ठेवली. शाळेतूनही त्याच आठवड्यात निरोप आला. मुलांचे पालक तक्रार करत होते म्हणे.

चढवला तरी चुकलं, उतरवला तरी चुकलं. म्हणजे मला आता चढ-उतारच कळत नाही. तारा जुळवायची किल्ली कापडात गुंडाळून ठेवून दिली. दिवसभर खोलीत बसून असते. नळ ठिबकला तरी वाटतं, हा आवाज खरा का मला वाटतोय?

तूच काहीतरी लिही.

टिटवी

•

११ जून

टिटवे,

वाचलं. आपण ज्यावर उभे असतो ते कोणी पायाखालून काढून नेलं की कसं वाटतं, ते आता तुला कळलं. मला कळून सहा महिने झाले.

दादा

•

५ जुलै

दादा,

तुझी दोन ओळींची चिठ्ठी मी उशाशी ठेवली होती. वाटलं, स्वतः एवढं सोसून तू माझं दुःख ओळखलंस. दिवसातून दोनदा वाचायचे.

आता काय झालं ते ऐक. हॉलचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे मिस्त्री परवा घरी आले. मॅनेजरांनी पाठवलं होतं, माझी एक पिशवी तिथे राहिली होती ती द्यायला. समोर कपाट बघून बसलेच. म्हणाले, वाजवून दाखवा. मी नको नको म्हणत तीन सूर वाजवले.

मिस्त्रींनी मान वाकडी केली. “वर गेलं की उतरतंय की हो.”

मी म्हटलं, “उतरत नाही. माझा कान गेलाय.”

“तुमचा गेला असेल, माझा नाही गेला.” त्यांनी पट्टी काढली, उलटी केली आणि हसले. “एवढंच? नुसती तार?”

“एकाचे तीन करायचे होते.”

“अहो, एका बादलीच्या नळाला तीन बादल्या लावल्यात. कीबोर्डातून येणारं व्होल्टेज एकाला पुरतं. तीन ओढायला लागले की ते थोडं दबतं, आणि जितकं वर जाल तितकं जास्त दबतं. मधे एक छोटी चिप टाकावी लागते, प्रत्येकाला वेगळं पुरवणारी. एकेक लावलं तर कळायचं नाही, तिन्ही लावले की कळतं. हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“माझ्या भावाने.”

“त्यांना यातलं नसेल कळत.”

“हे कपाट त्यानेच बांधलंय.”

मिस्त्री कपाटाजवळ गेले. एक दार उघडलं, आतला तुझा सोल्डर पाहिला, बंद केलं. मग हसले नाहीत. पिशवी ठेवून गेले.

दादा, मी तुला एकच विचारते. तुला माहीत होतं का?

•

१४ जुलै

होतं.

कपाट बांधायला लागलो त्याच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मीटरने तुला दोन मिनिटांत कळलं असतं, म्हणून मीटर नको म्हटलं. बाबांचं घड्याळाचं मी बनवून सांगितलं. त्यांना शेवटपर्यंत टिकटिक ऐकू येत होती.

आता तू ऐक. माझ्या गळ्यात नळ्या होत्या, हात पलंगाला बांधलेले होते, ओरडायला घसा नव्हता. घरी आणलं तेव्हा पुढची खोली रिकामी. फरशीवर कपाटाच्या चार पायांचे चार स्वच्छ चौकोन. तुझी वहिनी म्हणाली, “ताई आल्या आणि घेऊन गेल्या. म्हणाल्या, आता याला काय करायचंय.”

माझा आवाज डॉक्टरांनी नेला, ते निदान विचारून. दुसरा तू नेलास. वर मला पत्र लिहितेस, सुखरूप आहे, मला वाजवता तरी येतं. तरी येतं! ते ‘तरी’ मी रोज वाचत होतो.

तुझा कान एकदाही चुकला नाही. पहिल्याच संध्याकाळी तू बरोबर ऐकलंस. मी तुला तो सोडायला लावला.

पश्चात्ताप झाल्यासारखं लिहायला हवं. झालेला नाही.

•

२५ जुलै

दादा,

डिसेंबरच्या नऊ तारखेला सकाळी वहिनींचा फोन आला. त्यांचेच शब्द लिहिते: “ताई, तुमच्या भावाची खाट पुढच्या खोलीत लावायचीय. ते धूड संध्याकाळपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाला येऊन उभाच आहे.”

मी विचारलं, “दादाला विचारलंत का?”

म्हणाल्या, “विचारलं. मान हलवली त्यांनी.”

मी शाळेचं काम अर्ध्यावर टाकलं. टेम्पो मिळेना, तर एका बेकरीवाल्याची गाडी मागून आणली. पावांचे ट्रे उतरवून त्यात तुझं कपाट घातलं, आणि साडेतीन तास मी मागे त्याला मिठी मारून बसले, कारण दोर कमी पडला होता. घरी आल्यावर माझ्या दंडावर तुझ्या बटणांचे वळ उठले होते. तुला मी हे लिहिलं नाही. वाटलं, तुझ्या संमतीनेच झालंय, मग उपकार कशाला सांगायचे.

‘आता याला काय करायचंय’ हे मी म्हटलेलं नाही. कोणी म्हटलं असेल ते तुझं तू शोध. भंगारवाल्याचं दुकान तुमच्याच गल्लीच्या टोकाला आहे.

टिटवी म्हणू नकोस मला आता.

•

२० ऑगस्ट

ताई,

धाकट्या बहिणीला पहिल्यांदा ताई लिहितोय. दुसरं काय लिहावं सुचत नाही.

भंगारवाल्याकडे गेलो होतो. हातात पाटी घेऊन. त्यावर लिहून विचारलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, “हो, मी आलो होतो. तुमच्या बाईसाहेबांनीच बोलावलं होतं. एक बाई बेकरीच्या गाडीतून आली आणि माझ्या तोंडातला घास नेला.”

घरी आलो. ती माझ्या गळ्याची नळी उकळत्या पाण्यात टाकत होती. दिवसातून तीनदा करते. रात्रीबेरात्री घुसमटलो तर उठते. जेवण बारीक करून देते, बाहेरच्यांना माझ्या ओठांची हालचाल समजावून सांगते. मी पाटीवर लिहिलं, ‘कपाट’. ती वळली. म्हणाली, “काय?” मी ते हाताने पुसलं आणि लिहिलं, ‘पाणी’. तिने पाणी दिलं.

मी विचारणार नाही. माझी छाती होत नाही. ती निघून गेली तर मला श्वास कोण देईल? म्हणजे खरं असं आहे की नवऱ्याचा राग बायकोवर निघायला हवा होता, पण बायको लागते. तू लांब होतीस, माया करत होतीस, आणि तुझ्यावाचून माझं काही अडत नव्हतं. तुझ्यावर काढणं सोपं होतं.

आत कुठेतरी मला संशय होता, असंही आता वाटतं. मी तो मोठा होऊ दिला नाही.

मॅनेजरांना सगळं लिहून पाठवलंय, सहीनिशी. वाईट काम मी केलं आणि कसं केलं, आकृती काढून. ते तुला परत बोलावतील. तुझा कान शाबूत आहे. हे निदान खरं मान.

दादा

•

९ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मॅनेजरांनी मला वाचायला दिलं. आकृती सुबक होती.

कपाट सोमवारी ट्रकने निघेल. आत मिस्त्रींनी चिप घालून केलेली नवी पट्टी आहे. वहिनींना जागा करायला सांग. खोलीत ठेवायचं की भंगारात घालायचं, ते दोघांनी समोरासमोर बसून ठरवा. आल्यावर त्या विचारतीलच की हे परत का आलं. तेव्हा पाटीवर काय लिहायचं ते आत्तापासून ठरवून ठेव.

हॉलने बोलावलं. गेले. सगळे फार चांगले वागले, मॅनेजरांनी स्वतः दिवे लावले, पियानोवाल्या बाईंनी माझा हात हातात घेतला. डॉक्टर म्हणतात कान ठीक, मिस्त्री म्हणतात ठीक, तूही लिहून दिलंस. मी पियानो उघडला, वरच्या दोन तारा एकदम वाजवल्या, किल्ली फिरवायला लागले. लाट संथ झाली. आणखी संथ झाली. मग ती थांबली का, की थांबावी असं मला वाटतंय, ते ठरवता येईना. पुन्हा वाजवलं. पुन्हा. बाई मागच्या खुर्चीत बसून होत्या. मी वळून त्यांना विचारलं, “जुळलं का हो?”

एकोणीस वर्षांत मी हे कोणाला विचारलं नव्हतं. त्या “हो” म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं नाही.

आता तिथे एक तरुणी येते, मीटर घेऊन. चांगली आहे. कुठली तार कुरकुरते, कुठला खिळा सैल आहे, ते मी तिला दाखवून दिलं. ती तार ताणते, मीटरवर हिरवा दिवा लागतो, आणि ती आदराने माझ्याकडे बघते.

मी मान हलवते.

पुन्हा लिहू नकोस.